कुलाब्यातले ७२ आरसे : विल्यम अ‍ॅडम्स यांचं १८७८ सालचं सूर्ययंत्र

आतशीभिंग (धागाकर्ता)

सौरऊर्जेच्या इतिहासावरचे मराठी लेख बहुधा १९५४ पासून सुरू होतात, म्हणजे बेल लॅबमधल्या चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांच्या, उन्हाची थेट वीज करणाऱ्या सिलिकॉनच्या पट्टीपासून. त्याआधीचं जवळजवळ शतकभराचं काम आरसे, तांब्याचे बॉयलर आणि वाफ यांचं आहे. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत मिडल कुलाब्यातल्या एका बंगल्याच्या आवारात पार पडला. त्याचं तांत्रिक अंगाने काहीतरी नीट लिहून ठेवावं म्हणून हा धागा.

सुरुवात फ्रान्सपासून करावी लागेल. तूर इथल्या शाळेत गणित शिकवणारे ऑगस्तॅं मूशो १८६० च्या सुमारास या कामाला लागले. १८६१ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. त्यांचं तूरचं मोठं यंत्र असं होतं : तोंडाशी सुमारे २.६ मीटर व्यास असलेला, बूड कापलेल्या शंकूच्या आकाराचा परावर्तक, आतून चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा. शंकूच्या मधोमध उभा, काळा केलेला तांब्याचा बॉयलर, उंची साधारण ८० सेंटिमीटर. हा बॉयलर दुहेरी भिंतीचा होता. दोन भिंतींमध्ये ३ सेंटिमीटरची फट आणि त्या फटीत २० लिटर पाणी. सगळ्यावर काचेचं नळकांडं पालथं घातलेलं. उन्हात हे यंत्र तासाला ५ लिटर पाण्याची वाफ करत असे.

अ‍ॅडम्स मुंबईत डेप्युटी रजिस्ट्रार होते. मूशो यांच्या कामाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि त्यात दोन अडचणी काढल्या. पहिली : चांदीचा पत्रा हवेत काळा पडतो, तो रोज घासावा लागतो आणि घासून घासून मुलामा जातो. दुसरी : परावर्तक मोठा करायचा तर बॉयलरसकट सगळा डोलारा सूर्यामागे फिरवावा लागतो, म्हणजे आकाराला लवकरच मर्यादा पडते.

त्यांनी काढलेला तोडगा साधा होता. वक्र पत्रा टाकून द्यायचा आणि बाजारात मिळणारे १७ × १० इंचांचे सपाट काचेचे आरसे एका मांडणीवर बसवायचे. प्रत्येकाचा कोन असा लावायचा की सगळ्यांचे कवडसे एकाच जागी पडावेत. बॉयलर जमिनीवर पक्का. त्याच्याभोवती अर्धवर्तुळाकार रूळ टाकायचा आणि सूर्य सरकेल तशी आरशांची मांडणी त्या रुळावरून ढकलायची.

एकेक आरसा वाढवत ते तापमान मोजत गेले. १२०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ६५० सेल्सियस, गाठायला ७२ आरसे लागतील असा हिशेब त्यांनी मांडला. केंद्रात, म्हणजे सगळे कवडसे एकत्र पडतात तिथे, लाकूड धरलं की ते लगेच पेट घेत असे. पुढे बॉयलर जोडून अडीच अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन त्यांनी पंधरवडाभर उन्हाच्या वेळात चालवून दाखवलं. बघायला आलेल्यांत लष्करातले वरिष्ठ, इंजिनिअर, न्यायाधीश आणि गिरणीमालक होते. १८७८ मध्ये मुंबईतच त्यांचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं.

आज वाळवंटात उंच मनोऱ्यावर बॉयलर आणि भोवती हजारो सपाट आरसे अशी जी वीजकेंद्रं दिसतात, त्यांची मूळ कल्पना हीच आहे : बॉयलर जागच्या जागी, आरसे हलते. ही कल्पना यंत्राच्या रूपात मुंबईत उभी राहिली होती हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, आणि ते माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

---

जुनीकागदपत्रं

धागा छान. एक गल्लत आधीच टाळू या, कारण नेटवर ती सर्रास होते. १८७६ मध्ये सेलेनियमवर नुसता उजेड पाडून वीजप्रवाह मिळतो हे दाखवणारे डब्ल्यू. जी. अ‍ॅडम्स वेगळे. ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक होते आणि त्यांच्याबरोबर रिचर्ड डे हा विद्यार्थी होता. मुंबईचे विल्यम अ‍ॅडम्स त्यांच्याच काळातले, पण माणूस निराळा आणि काम उष्णतेचं. नाव सारखं आणि सालंही जवळजवळची, त्यामुळे दोघांना एक समजून 'मुंबईत सौरघटाचा शोध लागला' असं लिहिलेलं दिसतं. ते चूक आहे.

अ‍ॅडम्स यांच्या निबंधाला ससून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटने सुवर्णपदक दिलं होतं. ही संस्था म्हणजे काळा घोड्याजवळची आजची डेव्हिड ससून लायब्ररी. कारागीर आणि यंत्रकाम करणाऱ्यांसाठी ती काढलेली होती, त्यामुळे या निबंधाची कदर तिथे व्हावी हे साहजिक आहे.

मुंबईतच हा विचार का निघाला त्याला कारण कोळसा. तेव्हाच्या मुंबईच्या गिरण्या मोठ्या प्रमाणावर इंग्लंडहून जहाजाने येणाऱ्या कोळशावर चालत. फ्रान्समध्ये मूशो यांनाही सुरुवातीला हीच चिंता होती. पण १८६० च्या व्यापारी करारानंतर इंग्लंडचा कोळसा तिथे स्वस्त होत गेला आणि सरकारचा सूर्ययंत्रातला रस आटला.

---

मध्यान्ह

अ‍ॅडम्स यांच्या आकड्यांचा भूमितीच्या बाजूने पडताळा घेऊन बघितला. मांडणी बॉयलरपासून २० फुटांवर आहे असं धरतो.

सूर्याची तबकडी आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे सपाट आरशाचा कवडसा आरशाएवढाच राहत नाही, तो अंतरानुसार पसरतो. २० फुटांवर हा पसारा साधारण सव्वादोन इंच. म्हणजे १७ × १० च्या आरशाचा कवडसा सुमारे १९ × १२ इंचांचा, त्यात मधला १५ × ८ इंचांचा भाग पूर्ण प्रखर आणि कडा फिकट. ७२ कवडसे एकावर एक नेमके बसले तर त्या मधल्या भागात ७२ सूर्यांचं ऊन पडायला हवं. प्रत्यक्षात आरसा ७५ टक्के उजेड परत पाठवतो असं धरा आणि तिरकेपणामुळे आणखी १० टक्के जातात असं धरा. उरले सुमारे ४८ सूर्य.

मुंबईत जानेवारीत दुपारी थेट ऊन दर चौरस मीटरला ८५० वॅट धरलं तर केंद्रात सुमारे ४१ किलोवॅट दर चौरस मीटर. मागून उष्णतारोधक लावलेला काळा पत्रा एवढ्या उन्हात जेवढं शोषतो तेवढंच किरणांनी बाहेर टाकायला लागेल ते तापमान काढलं, तर ते येतं ६५० सेल्सियसच्या आसपास. अ‍ॅडम्स यांचा १२०० फॅरनहाइटचा आकडा हाच! वाऱ्याने थोडं कमी होईल, पण ७२ हा हिशेब पक्का होता. लाकूड कशाचीही ज्योत न लावता पेटायला ३० किलोवॅटच्या आतबाहेर पुरतात, त्यामुळे तेही जुळतं.

न जुळणारी गोष्ट एकच आहे. मांडणी दिवसातून तीन-चार वेळा सरकवली की भागतं, असं या यंत्राबद्दल लिहिलेलं आढळतं. आरसा स्थिर असला तर सूर्य जितक्या अंशांनी सरकेल तितक्याच अंशांनी कवडसा सरकतो. दहा मिनिटांत अडीच अंश. २० फुटांवर साडेदहा इंच. म्हणजे दहा मिनिटं कोणी हात लावला नाही तर अर्ध्याहून जास्त ऊन बॉयलरच्या बाजूने निघून जाणार. बॉयलर बराच रुंद ठेवला तर थोडी सूट मिळते, पण मग तापमान घसरतं. जोरात वाफ हवी असेल तर पाच-सात मिनिटांनी ढकलायला माणूस हवाच.

अर्धवर्तुळाकार रूळ मात्र फार विचारपूर्वक निवडलेला आहे. बॉयलर मध्यावर असल्यामुळे मांडणी सूर्याइतकीच फिरवली की आरशांचं आडवं नातं जसंच्या तसं राहतं, फक्त उंचीचा कोन बदलावा लागतो. म्हणजे ७२ आरसे वेगवेगळे हलवायची गरज नाही, सगळी चौकट एकदम कलवली की झालं.

एक अडचण मुंबईची खास. मेच्या मध्याला सूर्य मुंबईत बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. त्या सुमारास सकाळभर सूर्य पूर्वेकडे असतो आणि दुपारी काही मिनिटांत पश्चिमेकडे जातो. रुळावरची मांडणी तेवढ्या वेळात अर्धा फेरा मारू शकत नाही, त्यामुळे ऐन दुपारचा काही वेळ वाया. शिवाय सूर्य माथ्यावर असला की आरसे ४५ अंशांत उभे राहतात आणि तिरकेपणाचा तोटा १० टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर जातो. जानेवारीत दुपारचा सूर्य ५० अंशांवर असतो, हवा कोरडी आणि आभाळ स्वच्छ. थेट ऊन गोळा करणाऱ्या यंत्राला मुंबईत हाच काळ उत्तम.

---

बाष्पक

मध्यान्ह यांनी उष्णतेचा हिशेब केलाच आहे, तर मी इंजिनाचा करतो. 'अडीच अश्वशक्ती' हा आकडा लोक डोळे झाकून उतरवतात, म्हणून जरा विस्ताराने.

एक आरसा १७० चौरस इंच, म्हणजे ०.११ चौरस मीटर. ७२ आरसे, ७.९ चौरस मीटर. मध्यान्ह यांचेच तोटे धरले तर बॉयलरवर पोचणारी उष्णता ४.५ किलोवॅट. बॉयलरच्या अंगातून २० टक्के गेली तर वाफेला उरले ३.६. घरच्या तापमानाच्या पाण्याची पाच-सहा वातावरण दाबाची वाफ करायला किलोमागे सुमारे २६०० किलोज्यूल लागतात. उत्तर : तासाला ५ किलो वाफ. मूशो यांच्या यंत्राचाही आकडा ५ लिटरच आहे, म्हणजे आपण भरकटलेलो नाही.

त्या काळचं लहान, वाफ सरळ हवेत सोडणारं इंजिन एका अश्वशक्तीला तासाला ३० किलो वाफ सहज खायचं. ५ किलोत होते एक षष्ठांश अश्वशक्ती. अडीच अश्वशक्ती सतत हवी असेल तर तासाला ७५ किलो वाफ, ५० किलोवॅटच्या वर उष्णता आणि हजारभर आरसे लागतील.

म्हणून माझं मत : ७२ हा आकडा तापमानाच्या हिशेबाचा आहे आणि अडीच हा इंजिनाच्या क्षमतेचा. दोन्ही खरे, पण एकमेकांशी जोडून वाचायचे नाहीत. इंजिन अडीचचं असलं तरी वाफ मिळेल त्या बेताने हळू चालतं, किंवा बॉयलरमध्ये दाब साठवून थोडा वेळ जोरात चालतं.

यात अ‍ॅडम्स यांना कमी लेखायचा हेतू अजिबात नाही. एक षष्ठांश अश्वशक्तीसुद्धा क्षुल्लक नव्हे. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तरी १० मीटर खोल विहिरीतून तासाला दोन हजार लिटरच्या वर पाणी येतं.

---

आतशीभिंग

बाष्पक, हा भेद मी मूळ लेखात करायला हवा होता, आभार. तापमान आणि उष्णता या दोन गोष्टी वेगळ्या, हेच या सगळ्या इतिहासाचं मर्म आहे. १२०० फॅरनहाइट ऐकून बघायला आलेले प्रभावित होतात, पण इंजिनाला तापमान किती यापेक्षा किलोवॅट किती हे जास्त महत्त्वाचं. बघायला आलेल्या इंजिनिअर मंडळींचा अभिप्रायही तसाच होता : कोळशाची जागा घेणार नाही, जोडीला म्हणून उपयोगी पडेल.

---

तांबट

बॉयलरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मूशो यांची ३ सेंटिमीटरची फट ही त्या यंत्रातली सर्वात हुशारीची गोष्ट आहे. पाण्याचा थर पातळ, त्यामुळे सकाळी वाफ लवकर धरते. मोठं पिंप ठेवलं असतं तर अर्धा दिवस नुसतं पाणी तापवण्यात गेला असता. पण पातळ थराचा धोका असा की पाण्याची पातळी झपाट्याने खाली येते. २० लिटरमधून तासाला ५ जातात, म्हणजे पाणी घालणारा पंप बंद पडला तर दोन तासांत निम्मा बॉयलर कोरडा. बाहेरून ऊन तसंच पडत असतं. चुलीखालचं लाकूड ओढून घेता येतं, ऊन ओढून घेता येत नाही.

कोरड्या भागात काय होतं? साधं डाख, म्हणजे कथील-शिशाचा सांधा, १८३ अंशांना सुटतो. कल्हई २३२ ला वितळते. आतून पाणी आहे तोवर तांब्याचा पत्रा पाण्याच्या तापमानाच्या फार वर जात नाही, सांधा टिकतो. पाणी खाली गेलं की तोच सांधा काही मिनिटांत ओघळतो. म्हणून असल्या भांड्याचे सांधे पितळेच्या डाखाने झाळलेले किंवा रिव्हेट मारलेले हवेत, आणि पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी उन्हाच्या बाजूला नको, सावलीच्या बाजूला हवी.

अ‍ॅडम्स यांनी काचेचं आवरण मूशो यांच्याकडूनच घेतलं. त्याचं मूळ आणखी मागे, जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांच्याकडे जातं. १७६७ मध्ये त्यांनी आतून काळी बूच लावलेली, वरून तीन काचांची लाकडी पेटी उन्हात ठेवून १०९ अंशांपर्यंत तापमान नेलं, एकही आरसा न लावता. काच ऊन आत सोडते, तापलेल्या धातूची उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि वारा अडवते.

आवरणात बिघडतं ते असं : काच आणि तांबं वेगवेगळ्या मापाने फुगतात. काच तळाशी चुन्यात किंवा सिमेंटात घट्ट बसवली तर पहिल्याच ढगाला, म्हणजे अचानक गार पडल्यावर, तडकते. बुडाशी सुंभाची किंवा काचेच्या दोरीची सैल बैठक द्यायची.

---

काचकाम

आरशांबद्दल. मूशो यांच्या पत्र्यावर चांदी पुढून उघडी होती. हवेतल्या गंधकाच्या वायूने तिच्यावर सल्फाइडचा थर चढतो, आधी पिवळट, मग तपकिरी, शेवटी काळा. देवघरातल्या चांदीच्या निरांजनाचं जे होतं तेच. थर दिसायला नगण्य असला तरी परावर्तन झपाट्याने उतरतं, आणि कोळशाचा धूर असलेल्या शहरात आणखी लवकर.

काचेच्या आरशात चांदी काचेच्या मागे असते. पुढून काच, मागून रंग. त्यामुळे पुसायचं ते काचेला, चांदीला हात लागत नाही. अ‍ॅडम्स यांनी इथेच बाजी मारली. किंमतही उतरते, कारण सपाट काच हे कारखान्यात थोकाने होणारं काम आहे आणि वक्र पत्रा ठोकणं हे एकेका कारागिराचं.

त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. ऊन काचेतून दोनदा जातं, जाताना आणि येताना. काचेत लोह असेल, म्हणजे कड हिरवी दिसत असेल, तर तेवढं ऊन काचच खाते. म्हणून पातळ काच चांगली. आणि समुद्रकाठी खारी हवा कडेतून मागच्या थरात शिरते, कडेला काळे ठिपके पडून आत सरकत जातात. मुंबईत, कोकणात, गोव्यात आरसा उघड्यावर वापरणार असाल तर चारही कडा आणि पाठ बसवण्याआधीच रंगवून घ्या. कडेला ॲसिटिक वासाचं सिलिकॉन लावू नका, त्यानेच चांदी खराब होते. बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

---

उन्हाळवाट

चर्चा वाचतोय, खूप नवीन कळतंय. अ‍ॅडम्स यांच्या सूर्यचुलीचाही उल्लेख वाचला आहे, सात सैनिकांचं जेवण दोन तासांत, तेही जानेवारीत. हे खरंच होण्यासारखं आहे का?

---

मध्यान्ह

होण्यासारखं आहे. त्यांची चूल अष्टकोनी होती : आठ बाजूंनी आरसे, मध्ये भांडं, भांड्यावर काचेचं झाकण. मांस आणि भाज्या शिजवल्याची नोंद आहे. हिशेब असा : रस्सा धरून ४ किलो अन्न २५ वरून ९५ अंशांवर न्यायला सुमारे १२०० किलोज्यूल. निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तर दोन तासांत २४०० किलोज्यूल, म्हणजे सरासरी ३३० वॅट. जानेवारीच्या उन्हात त्याला अर्धा चौरस मीटर आरसा पुरतो. बटाटे सालीसकट अख्खे टाकले तर वेळ वाढेल, चिरून टाकले तर दोन तास पुरे.

'वर्षातल्या सगळ्यात थंड महिन्यात' असं कौतुकाने लिहिलेलं असतं, पण सूर्यचुलीला हवेचं तापमान फारसं लागत नाही, आभाळ स्वच्छ लागतं. अवघड महिने जून ते सप्टेंबर. त्या चार महिन्यांचं उत्तर अ‍ॅडम्स यांच्याकडे नव्हतं, मूशो यांच्याकडेही नव्हतं.

---

उन्हाळवाट

शाळेच्या प्रदर्शनासाठी अ‍ॅडम्स पद्धतीचं लहान यंत्र करायचं तर कसं? मुलं आठवी-नववीची आहेत. कृपया मापांसकट सांगा.

---

बाष्पक

बंद बॉयलर आणि इंजिन मुळीच नको. उघड्या भांड्यात पाणी उकळून दाखवा, तत्त्व तेच आहे.

१५ × १५ सेंटिमीटरचे, ३ मिलिमीटर जाड २५ आरसे कापून घ्या, कडा घासून. ८० × ८० सेंटिमीटरचा १२ मिलिमीटरचा प्लायवुड. आरसे पाच ओळींत पाच, मध्ये एकेक सेंटिमीटर जागा. प्रत्येक आरसा आधी १२ × १२ च्या प्लायच्या तुकड्यावर न्यूट्रल सिलिकॉनने चिकटवा आणि २४ तास सुकू द्या. दुहेरी टेप वापरू नका, उन्हात सुटते. त्या तुकड्याला मागे तीन बोल्ट, ४ मिलिमीटर जाड आणि ५० लांब, मध्ये स्प्रिंग आणि मागून विंगनट. तीनच बोल्ट, चार नकोत. चौथा नेहमी एक तर सैल राहतो नाहीतर तुकडा मुरडतो आणि कवडसा फाकतो.

भांडं १६-१७ सेंटिमीटर व्यासाचं, पातळ बुडाचं अ‍ॅल्युमिनियमचं, बाहेरून काळं. साधा ऑइलपेंट उन्हात फुगतो आणि आधी धूर देतो, तेव्हा गाडीच्या सायलेन्सरला मारतात तो उष्णतारोधक मॅट काळा रंग घ्या. पाणी २ लिटर. चौकटीपासून २ मीटरवर, विटांच्या चवथऱ्यावर. एवढ्या अंतरावर कवडसा १७ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे भांड्यावर बरोबर बसतो.

जुळवणी : सगळ्या आरशांवर वर्तमानपत्र चिकटवा. भांड्याच्या जागी पुठ्ठा ठेवून त्यावर १७ सेंटिमीटरचा चौकोन काढा. आधी फक्त मधला आरसा उघडा आणि सगळी चौकट फिरवून त्याचा कवडसा चौकोनात आणा. आता दुसरा उघडा, विंगनट फिरवून त्याचा कवडसा पहिल्यावर बसवा आणि तो पुन्हा झाका. तिसरा लावण्याआधी मधल्याचा कवडसा सरकला असेल तर चौकट हलवून तो परत जागेवर आणा, मगच तिसरा. ही पायरी गाळली की शेवटच्या आरशापर्यंत पहिले दहा चुकलेले असतात, आणि 'आरसे बरोबर लावले तरी पाणी तापत नाही' ही तक्रार नव्वद टक्के वेळा इथून येते. कडेच्या आरशांना साधारण साडेचार अंशांचा कल लागतो, म्हणजे १० सेंटिमीटरच्या अंतरात बोल्ट ८ मिलिमीटर वर.

स्वच्छ उन्हात ४० ते ५० मिनिटांत पाणी उकळायला हवं. दर पाच मिनिटांनी चौकट हलवायला दोन मुलं ठेवा.

---

तांबट

बाष्पक यांच्या यादीत चार गोष्टी माझ्याकडून. केंद्राकडे बघणाऱ्या प्रत्येकाला वेल्डरचा काळा चष्मा, साधा गॉगल चालणार नाही. चौकट आणि भांडं यांच्यामधून कोणी जाणार नाही अशी दोरी बांधा. काम संपलं की आधी आरशांवर गोधडी किंवा ताडपत्री टाका, मग भांडं उचला, कारण भांडं काढल्यावर तोच कवडसा मागच्या भिंतीवर किंवा कोणाच्या कपड्यावर जातो. आणि मांडणी उघडी ठेवून जेवायला जाऊ नका. सूर्य सरकला की कवडसा गवतात उतरतो.

---

जुनीकागदपत्रं

पुढचा धागा थोडक्यात जोडतो, म्हणजे अ‍ॅडम्स कुठे बसतात ते दिसेल.

१८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मूशो यांनी सूर्याच्या उष्णतेवर बर्फ करून दाखवला आणि सुवर्णपदक मिळवलं. त्यांचे सहकारी आबेल पिफ्र यांनी ६ ऑगस्ट १८८२ ला पॅरिसच्या त्विलरी बागेत ३.५ मीटर व्यासाच्या परावर्तकावर छपाईयंत्र चालवलं, तासाला ५०० प्रती, आभाळ थोडं ढगाळ असताना. अमेरिकेत जॉन एरिक्सन यांनी १८८३ मध्ये पन्हळीच्या आकाराचा परावर्तक केला. ऑब्री इनियस यांनी १९०१ मध्ये कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या शहामृगांच्या फार्मवर १७८८ आरशांची प्रचंड छत्री उभारून पाणी उपसलं. त्यांच्या पुढच्या छत्र्या ॲरिझोनात वादळाने आणि गारांनी मोडल्या. उंच छत्री म्हणजे वाऱ्याला शीडच. अ‍ॅडम्स यांची बुटकी, जमिनीवरची मांडणी या बाबतीत कितीतरी शहाणपणाची होती.

---

बाष्पक

आणि फ्रँक शूमन राहिले. माझ्या मते पहिलं खरं औद्योगिक सूर्यकेंद्र त्यांचंच, कैरोजवळ मादी इथे, १९१३. पाच पन्हळी, प्रत्येक ६२ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद, दक्षिणोत्तर टाकलेल्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूर्वेकडून पश्चिमेकडे आपोआप कलणाऱ्या. दोन पन्हळींमध्ये ७ मीटर अंतर, एकीची सावली दुसरीवर पडू नये म्हणून.

पहिले बॉयलर जस्ताचे होते. उन्हात ते नरम पडून निकामी झाले आणि ओतीव लोखंडाचे बसवावे लागले. तांबट म्हणाले तेच पुन्हा : ऊन ओढून घेता येत नाही. जस्त ४१९ अंशांना वितळतं खरं, पण त्याच्या बरंच आधी त्याची ताकद जाते.

शूमन यांनी दाब मुद्दाम कमी ठेवला. इंजिन जेमतेम वातावरणाच्या दाबाच्या वाफेवर चालायचं. तापमान कमी म्हणजे बॉयलरमधून गळती कमी, आणि आरशाच्या अचूकतेची गरजही कमी. १२४० चौरस मीटरवर सुमारे ११०० किलोवॅट ऊन आणि इंजिनातून जास्तीत जास्त ५५ अश्वशक्ती, म्हणजे ४१ किलोवॅट. पावणेचार टक्के. आकडा लहान वाटेल, पण नाईलचं पाणी शेतात चढवायला पुरेसा होता, कारण तिथे कोळसा बाहेरून आणावा लागायचा आणि जमीन भरपूर होती. वर्षभरात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि काम थांबलं.

---

उन्हाळवाट

मुंबईच्या गिरण्यांचं मग पुढे काय झालं? त्यांनी अ‍ॅडम्स यांचं यंत्र कधी लावलं का?

---

आतशीभिंग

नाही लावलं. कारण बाष्पक यांच्या हिशेबातच आहे : एका अश्वशक्तीला चारशेच्या आसपास आरसे. गिरणीला शेकड्याने अश्वशक्ती लागायची, परळ-लालबागला एवढी मोकळी जागा कुठून आणणार, आणि पावसाळ्यात माग बंद ठेवायचे का? गिरण्यांना कोळशाला खरा पर्याय मिळाला तो १९१५ मध्ये, टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून. तिथे लोणावळ्याच्या वर पडणारा पाऊस तलावात साठवून ठेवलेला होता. अ‍ॅडम्स यांच्या यंत्रात नेमकी तीच सोय नव्हती, साठवणुकीची.

थेट वाफेची कल्पना मात्र महाराष्ट्रात परत आली. शिर्डीच्या साई संस्थानाच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ परावर्तक बसवले, प्रत्येकी १६ चौरस मीटरचा, वाफेवर स्वयंपाक करण्यासाठी. तो परावर्तकही अनेक लहान आरशांचे तुकडे चौकटीवर बसवूनच केलेला असतो.

उन्हाळवाट, चौकट झाली की फोटो टाका. कवडसे नीट बसले आहेत का ते पुठ्ठ्याच्या फोटोवरून लगेच कळतं : मधला चौकोन एकसारखा पांढरा आणि कड चारही बाजूंनी दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फिकट नको.